तेवीस अंशांवरचा खड्डा

बायकोने नवऱ्याच्या कामात खोट काढावी यात नवीन काही नाही. पण हिला त्याचा पगार मिळत होता. तो अँटेना बनवायचा आणि ती अँटेना मोजायची, एकाच कारखान्यात, एका मजल्याच्या अंतराने. त्याचा ताजा अँटेना बंदरावर बसायचा होता, बोटींशी बोलायला. तीन वर्षं त्याने दुसऱ्या कशाकडे धड बघितलं नव्हतं, बायको धरून.

मोजायची खोली म्हणजे भिंतीभर फोमचे निळे सुळके, येतील त्या लहरी गिळून टाकणारे. तिथे अँटेनापासून हातभर अंतरावर एक छोटा शोधक दांडीवरून बोट-बोट सरकायचा आणि लहर किती जोरात आली, किती उशिरा आली ते टिपायचा. त्या हजारो आकड्यांवरून संगणक सांगायचा, की दूर समुद्रात हा अँटेना कुठे पोचेल आणि कुठे नाही. या खेपेला संगणकाने सांगितलं, की उजवीकडे तेवीस अंशांवर खड्डा आहे. त्या दिशेच्या बोटीला ढिम्म ऐकू येणार नाही.

तिने तीनदा मोजलं. शोधक बदलला, केबल बदलली. खड्डा जागचा हलेना. तिला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला, कारण ही बातमी तिलाच द्यायची होती.

त्याने अर्थातच मान्य केलं नाही. शितावरून भाताची परीक्षा भातापुरती ठीक आहे, असं त्याने जेवताना सुनावलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं तिने ऐकवलं. सासूबाईंनी दोघांना मुकाट जेवायला सांगितलं. खड्डा खरा निघाला तर आराखडा पहिल्यापासून, आणि तोही बहुधा दुसऱ्याच्या हातून, हे तिघांनाही ठाऊक होतं.

शेवटी मोकळ्या माळावर सोक्षमोक्ष लावायचं ठरलं. अँटेनापाशी माइक घेऊन ती, किलोमीटरभर दूर रेडिओ घेऊन तो. तिने अखंड बोलत राहायचं, त्याने उजवीकडे चालत ऐकायचं, आवाज बंद पडेल तिथे झेंडा रोवायचा. अखंड बोलणं तिला जमेल याबद्दल त्याला शंका नव्हती.

ती एकापासून आकडे म्हणू लागली. अंश दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो दिसत होता, छाती काढून चाललेला. दहा अंश, पंधरा, वीस. तेविसाला त्याची चाल मंदावली. त्याने रेडिओ कानाला लावला, हलवला, थोपटला. तिने आकडे सोडले.

"मीच चुकले असते तर बरं झालं असतं रे," ती माइकमध्ये म्हणाली. "गाढवासारखा राबलास तीन वर्षं. मी बघत होते. एवढा कोपरा सोडला तर फार चांगला केलायस."

तो उकिडवा बसला आणि त्याने झेंडा रोवला. थोड्या वेळाने तिचा मोबाइल वाजला.

"इथे काहीच येत नाहीये," तो म्हणाला. "तू बोलतच होतीस ना?"

"हो."

"काय बोलत होतीस?"

"आकडेच," ती म्हणाली. "दुसरं काय?"