नखातली भेसळ

वाइनमधली भेसळ ओळखणाऱ्या रसनाचार्यांनी पेल्यातल्या घोटभर वाइनमध्ये करंगळी बुडवली, ढवळली, आणि लालभडक वाइन बघता बघता काळीनिळी पडली. सभागृहातल्या शंभर माणसांनी तोंडात बोटं घातली.

"मी काही करत नाही हो," आचार्य डोळे मिटून म्हणाले. "भेसळ असली की वाइनच माझ्याजवळ कबुली देते."

मागे मोरीत पेले विसळणाऱ्या ताईनं दातओठ खाल्ले. महिन्यापूर्वी हीच करंगळी तिच्या धाकट्या भावाच्या पेल्यात बुडाली होती. भाऊ याच वायनरीतला मिश्रणकार. इटलीची आंबटसर सांज्योव्हेझे आणि मऊ मेर्लो अशा दोन द्राक्षांच्या वाइन चाखत चाखत एकजीव करणारा. बारा वर्षांची अब्रू एका बोटानं बुडवली. वायनरीच्या मालकांनी त्याला चारचौघांत भेसळखोर म्हणून हाकललं. तेव्हापासून त्यानं घराचा उंबरा ओलांडला नव्हता. ताईला न्याय हवा होताच, पण खरं सांगायचं तर तिला सूड हवा होता.

तो निळा रंग तिच्या रोजच्या पाहण्यातला होता. उष्टे पेले सोड्याच्या पाण्यात टाकले की तळाची वाइन अशीच निळी व्हायची. नवीन आलेली बाई पेला नीट विसळायला विसरली, की पुढच्या गिऱ्हाइकाची वाइन बिघडलीच म्हणून समजा. शिवाय आचार्य चांगल्या वाइनमध्ये डावी करंगळी बुडवायचे आणि 'पापी' वाइनमध्ये उजवी. लांब नख फक्त उजवीला होतं.

ताई भावाची बाटली घेऊन थेट मंचावर गेली आणि पेल्यात घोटभर वाइन ओतली. "ही एक राहिलीय. एवढी तपासा."

आचार्यांनी नाक खुपसलं. "चामडं... ओली माती... आणि हा पापाचा वास!" उजवी करंगळी बुडाली. वाइन निळी. "ही तर पहिलीपेक्षा नासकी!"

"बाटली भावाची आहे," ताई म्हणाली, "पण आतली वाइन तुमची. तुमच्या नावानं विकता ती 'अस्सल इटालियन'."

"थापा मारते!"

पहिल्या रांगेतल्या मालकीणबाई उठल्या. "तुमच्या बाटलीचं सील मी फोडलं, या बाटलीत ओतलीही मीच."

"मग... मग बाटलीचा दोष लागला!"

"असं? चाटा ती करंगळी."

आचार्यांचा हात खिशात गेला. ताईनं त्याच पेल्यात लिंबू पिळलं. वाइन पुन्हा लाल झाली.

"पाप फिटलं वाटतं लिंबानं! अहो, वाइन आंबट आहे तोवर लाल. नखात धुण्याचा सोडा भरून ढवळा, निळी. पुन्हा आंबट करा, लाल. माझ्या मोरीत हा चमत्कार रोज होतो, मला कुणी हार घालत नाही."

आचार्यांनी मान खाली घातली. मालक कुजबुजले, "ताई, जाऊ दे आता. शरमलाय तो."

"माझा भाऊ शरमला तेव्हा कुणी म्हणालं, जाऊ दे?" ती लोकांकडे वळली. "त्या दिवशी तुमच्यापैकी एकानं तरी त्याची वाइन चाखली होती का?"

तिनं बाजूला काढून ठेवलेली भावाची खरी वाइन पेल्यांत ओतली. "जीभ तुम्हालाही आहे. डोकंही आहे. आधी चाखा, विचारा, पारखा. मग कुणाला चोर म्हणा."

मालकांनी घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला. "ताई, सुरेख आहे गं."

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "सगळ्यांदेखत हाकललं होतंत ना त्याला? आता या सगळ्यांना घेऊन घरी चला, आणि त्याला सांगा."