मागच्या दारचा धूर

सविता ओव्हाळनं नऊ वर्षं लोणावळ्यात दुसऱ्याच्या शेगड्या पेटवल्या. त्या नऊ वर्षांत एकाही पाहुण्यानं विचारलं नाही की हे भाजलंय कुणी.

बंगला राजेंद्र साहेबांचा, तुंगार्लीच्या चढावर. साहेबांना बार्बेक्यूचा नाद होता. नाद म्हणजे विकत घ्यायचा, भाजायचा नव्हे. दर एक-दोन दिवाळ्यांनी हिरवळीवर नवीन धूड उतरायचं. गोल झाकणाचं एक, रांजणासारखं जाड मातीचं एक, गॅसचं एक, विजेवरचं एक, आणि सगळ्यात शेवटी आला तो स्मोकर: आडवं लोखंडी पिंप, एका अंगाला जाळाची पेटी, दुसऱ्या अंगाला धुराडं. पावसाळ्यात या पाचांवर असली जाड आच्छादनं चढायची की तसलं कांबळं बंगल्याच्या माळ्याच्या अंगावर कधी दिसलं नाही.

शनिवारी पहाटे उठून जाळ घालायचा सवितानं, मसाला चोळायचा सवितानं, पाच-पाच तास धूर राखायचा सवितानं. बाराला पाहुणे आले की साहेब एप्रन बांधून चिमटा हातात घ्यायचे आणि झाकण उघडायचे. तेवढंच त्यांचं काम. पाहुणे वाहवा करायचे, साहेब म्हणायचे, "पेशन्स लागतो." पेशन्स सविताचा, वाहवा साहेबांची, आणि मागं उरलेली राख पुन्हा सविताचीच.

पण शिकायचं ते ती शिकून घेत गेली. पाचांच्या पाच खोडी तिला पाठ झाल्या. रांजण एकदा तापला की ऐकत नाही. गोल झाकणवालं एका बाजूला करपवतं. गॅसवरच भाजायचं तर घरातल्या ओट्याचं काय वाईट आहे? जीव लागला तो स्मोकरवर. जाळ एकीकडं, मांस दुसरीकडं, मधून नुसता धूर. आंब्याचं लाकूड घातलं की वास गोडसर येतो, जांभळाचं घातलं की जरा तुरट, आणि चुकून निलगिरी घातली तर मटण खोकल्याच्या औषधासारखं लागतं. घरी मागच्या दारी तिनं तीन नग जमवलेच होते. स्कूटरच्या रिमची शेगडी, साहेबांनी टाकून दिलेलं जुनं, दोनच पायांचं गोल झाकणवालं, आणि नवऱ्यानं पत्र्याच्या डब्यातून काढलेला तंदूर. आता चौथा हवा होता तो स्मोकर. आणि त्याच्यावर नाव तिचं हवं होतं.

दिवाळी झाली आणि तिनं नोकरी सोडायची म्हणून सांगून टाकलं. साहेबांनी निरोपाला जुनं गॅसचं देऊ केलं. ती म्हणाली, राहू द्या, आता तुम्हालाच लागेल.

गाव टाकवे बुद्रुक. ओव्हाळांचं घर बौद्ध वस्तीत, गावाच्या अगदी कडेला. एके काळी गावानं मुद्दामच कडेला टाकलं होतं, अंगावर सावली पडू नये म्हणून. पुढं धरणाकडं जाणारा रस्ता रुंद झाला तो नेमका त्याच कडेनं. रविवारी पुण्या-पिंपरीच्या जेवढ्या गाड्या सविताच्या उंबऱ्यासमोरून जातात तेवढ्या गावातल्या माडीवाल्यांच्या दारात वर्षात येत नाहीत. ज्यांनी हाकललं त्यांच्याच हातून मोक्याची जागा दिली गेली, हे काहींना अजून पचलेलं नाही.

तेव्हा स्मोकर पुढच्या अंगणात, रस्त्याच्या तोंडावर, हे सविताच्या डोक्यात पक्कं होतं. जाणाऱ्याला धूर दिसला पाहिजे, झाकण उघडताना दिसलं पाहिजे. लपलेल्या शेगडीकडं कोण कशाला थांबेल? आणि गिऱ्हाईक थांबलं नाही तर पुन्हा दुसऱ्या कुणाच्या तरी बंगल्यावर राख काढायला जायचं, एवढंच उरत होतं.

मोडता घातला सासूनं. धोंडाबाईचं वय ऐंशीच्या घरात, आवाज मात्र विशीतला.

"पुढं न्हाई," ती म्हणाली. "मागं कर काय करायचं ते."

सवितानं कारण विचारलं तेव्हा म्हातारीनं चान्यांची गोष्ट काढली. तिच्या तरुणपणी मांस मिळालं की लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद लावायची आणि परसात दोरीवर वाळत घालायच्या. या चान्या पावसाळ्यात भाजून खायच्या. गावातलं कुणी वस्तीकडं येताना दिसलं की दोरी उतरवून पाटीखाली झाकायची, आणि वर आपणच ओशाळून उभं राहायचं. खाणारा आपल्या घरात, आपलं खातोय, आणि लाजायचंही त्यानंच. असला उफराटा न्याय या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"धूर पुढं काढला की गाव नाकाला पदर लावतं," धोंडाबाई म्हणाली. "म्या बगितलंय. तू न्हाई बगितलं."

"आत्या, आता लोकं धूर खायाला गाड्या घिऊन येत्यात."

"त्या बंगल्यावर. आपल्या दारात न्हाई."

आठ दिवस हेच चाललं. सविताचा नवरा हनुमंत परंदवडीकडच्या एका कारखान्यात फिटर होता. मशीनचा आवाज नुसता ऐकून बिघाड सांगणारा माणूस, पण घरात दोन बायका बोलायला लागल्या की त्याचं डोकं बंद पडायचं. त्यानं बायकोला सांगितलं, पुढं ठेवू. आईला सांगितलं, मागं ठेवू. आणि दोघी गप्प झाल्या म्हणून स्वतःवर खूश होऊन झोपला.

सविता कामशेतला पप्पूच्या वर्कशॉपवर गेली. पप्पूचं आयुष्य फाटकं आणि जिने करण्यात गेलेलं. ग्रिलचं काम आहे म्हटल्यावर त्यानं टेप काढून खिडकीचं माप विचारलं. मग तिनं फरशीवर खडूनं चित्र काढून समजावलं. पिंप कुठलं घ्यायचं यावर ती अडून बसली. केमिकलचं नको, रंगवलेलं नको, जस्ताचा मुलामा तर मुळीच नको, तापला की विष ओकतो. तेलाचं साधं पिंप घ्यायचं आणि आतबाहेर जाळून काढायचं. धुराड्यावरून तर खडाजंगीच झाली. पप्पू म्हणाला, धुराडं वरच असतं, सगळ्या जगात वर असतं. ती म्हणाली, वरून काढलं तर धूर मांसाला न भेटताच पळून जाईल, जाळीच्या बरोबरीनं भोक पाड. तासाभरानं पप्पूनं हात जोडले आणि विचारलं, "ताई, तुमी इंजिनेर हाय का?"

ती म्हणाली, "न्हाई रे. राख काढणारी हाय."

शनिवारी बंगल्यावरचा तिचा शेवटचा दिवस होता. त्याच दिवशी पप्पू टेम्पोत माल घेऊन टाकव्यात आला. पिंप सुटं, पेटी सुटी, पाय सुटे. हनुमंतला सुट्टी होती. आई दारातच खाट टाकून बसलेली. तिच्या डोळ्यांदेखत पुढं उतरवायची त्याची छाती झाली नाही. त्यानं विचार केला, आता मागं नेऊ, आई बघेल, शांत होईल. पुढच्या आठवड्यात हळूच पुढं आणू. एकेक भाग माजघरातून, स्वयंपाकघरातून मागच्या दारी नेला. पप्पूनं तिथंच सगळं एकाला एक जोडलं, पक्कं वेल्डिंग मारलं आणि चहा पिऊन गेला.

सविता चारला आली. मागच्या दारी जाऊन तिनं पाहिलं. सात फूट लांब, काळंभोर, देखणं धूड परसात उभं होतं. मग तिनं दाराकडं पाहिलं. मग शेजारच्या घराच्या आणि आपल्या भिंतीमधल्या बोळाकडं पाहिलं, जिथून बकरी जाताना अंग चोरते.

"आता ह्यो भाईर कसा काढनार?" तिनं विचारलं.

हनुमंतनं दार बघितलं, बोळ बघितला, धूड बघितलं, आणि मशीनमधला बिघाड सापडावा तसा त्याचा चेहरा झाला. वीस वर्षं फिटरचं काम केलेला माणूस, आणि जोडण्याआधी माप घ्यायचं विसरला. आतून धोंडाबाईचं हसू ऐकू आलं. सविता त्या संध्याकाळी नवऱ्याला काय काय म्हणाली ते छापण्यासारखं नाही. शेवटी असं ठरलं की पप्पूला सोमवारी बोलवायचं, कापायचं, पुढं नेऊन पुन्हा जोडायचं. पण मटण आणलेलं होतं, मसाला लावून झाला होता, 'सविता ओव्हाळ यांचं धुरातलं मटण' अशी पाटीही पुढं टांगली होती. रविवार वाया घालवायला ती तयार नव्हती.

सकाळी सहाला तिनं जांभळाची दोन लाकडं घातली. दुसऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या नावाच्या जाळासमोर ती पहिल्यांदा बसली होती. धूर जाळीवरून सरकत गेला आणि पलीकडून निळसर, पातळ बाहेर पडला. जाड पांढरा नव्हे. म्हणजे पेटी बरोबर, भोक बरोबर. तिला एकटीलाच हसू आलं.

तो धूर परसात थांबतोय कशाला? कौलांवरून चढला, पलीकडं उतरला आणि रस्त्यावर पसरला. साडेअकराला पहिली मोटारसायकल थांबली. पाटी दिसते, वास येतो, आणि समोर तर नुसतं घर. पोरं दारात येऊन विचारायला लागली, बार्बेक्यू कुठंय? सविता पानं घेऊन पुढं धावली, परत मागं पळाली. तिसऱ्या खेपेला पोरंच तिच्या मागोमाग आत शिरली, कारण त्यांना ते धूड बघायचं होतं. माजघरातून, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोरून, धोंडाबाईच्या खाटेला वळसा घालून, स्वयंपाकघरातून परसात.

धोंडाबाईनं आधी पदर ओढून भिंतीकडं तोंड केलं. मग चष्म्यातली एक पोरगी तिच्याजवळ वाकली आणि म्हणाली, "आजी, वास तर रस्त्यापर्यंत आलाय." म्हातारीनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. त्या पोरीनं नाक धरलेलं नव्हतं. उलट ती हुंगत होती.

एक वाजेपर्यंत घराचा रस्ताच झाला. गाड्या थांबत होत्या, माणसं आत येत होती, बोटं चाटत बाहेर पडत होती. कुणी रिमच्या शेगडीचा फोटो काढला, कुणी दोन पायांच्या गोल झाकणाला विटा लावून त्यात बटाटे खुपसले. धोंडाबाईची खाट भिंतीला उभी झाली. ती स्वतः दारात वेताचा मोडा टाकून बसली आणि येईल त्याला चपला काढायला लावू लागली. डॉक्टर असो नाहीतर आणखी कोण, चपला बाहेर. एकाला तर पायपुसण्यावर दोनदा पाय पुसायला लावले.

आणि दोनच्या सुमाराला भिकाजी आबा आले.

भिकाजी आबा गावातले मोठे जमीनदार. माणूस वाईट नव्हता, आणि तेच वाईट होतं. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. बौद्ध वस्तीतल्या प्रत्येक लग्नाला मांडवात हजर. पूर्वी नुसता पानाचा विडा घ्यायचे, आता बाटलीबंद पाणी प्यायचे, आणि जेवायची वेळ आली की पोट बिघडलंय म्हणून उठायचे. पन्नास वर्षं त्यांचं पोट बरोबर या वस्तीतच बिघडत आलं होतं.

आज ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. आत त्यांची सून अनघा आधीच बसून खात होती, तिनंच फोन केला असणार. आबांनी हाक मारली, "सविता, थोडं बांधून दे गं. हितंच आणून दे."

सविता पानं न्यायला माजघरात आली होती. तिनं ऐकलं आणि तिचा हात आपसूक चांदीच्या कागदाकडं गेला. मागणाऱ्याला हवं तिथं नेऊन द्यायचं, ही नऊ वर्षांची सवय हातात मुरलेली. शिवाय आबांना नाही म्हणायचं म्हणजे अर्ध्या गावाला नाही म्हणायचं. पहिल्याच दिवशी. तिनं कागद फाडलाही.

मोड्यावरून धोंडाबाई बोलली. आवाज न चढवता.

"बांधून मिळत न्हाई, आबा. माल मागं हाय. चपला काढा नि या."

दारात उभी असलेली शहरातली माणसं काहीच न समजता बाजूला सरली, आबांना वाट म्हणून. सवितानं हातातला कागद खाली ठेवला. आयुष्यभर चान्यांची दोरी पाटीखाली झाकणारी बाई, आणि तिनं आज उंबऱ्यातून ताठ बसून हे सांगितलं होतं.

आबांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग धुराकडं पाहिलं. मग खाकरून म्हणाले, "पोट जरा..."

"बरं हाय तुमचं पोट," धोंडाबाई म्हणाली. "आजवर कवा दुखलं न्हाई ते."

आबांच्या मिशीत हसू फुटलं ते त्यांना दाबता आलं नाही. त्यांनी चपला काढल्या, पायपुसण्यावर पाय पुसले आणि आत आले. परसात हनुमंतनं त्यांना उलटा क्रेट दिला. सवितानं झाकण उघडून मांडीचा सांध्याजवळचा तुकडा कापला, भाकरी ठेवली, पान हातात दिलं. सून लगबगीनं शेजारी सरकली. आबांनी पहिला घास घेतला, मग लगेच दुसरा.

हाड साफ झाल्यावर ते म्हणाले, हे पुढं मांडायचं ना, लोकांना घरातनं कशाला फिरवताय. हनुमंतनं लगेच सांगितलं की उद्या पप्पूला बोलावलंय, कापून पुढं नेणार आहोत.

"कुनी हात लावायचा न्हाई त्याला," मागच्या दारात येऊन उभी राहिलेली धोंडाबाई म्हणाली. "ह्यो हितंच ऱ्हानार. ज्याला खायाचंय त्यो घरातनं यील."

सविता सासूकडं बघत राहिली. पुढच्या अंगणासाठी आठ दिवस भांडली होती ती. आता तिलाही ते अंगण नको झालं होतं. तिनं जाळात आणखी एक लाकूड सारलं.

आबांनी दुसरा तुकडा मागून घेतला. चावत चावत, जाणकारासारखे डोळे बारीक करून म्हणाले, "मीठ जरा कमी हाय."

"खाल्लं म्हणून कळलं, आबा," धोंडाबाई म्हणाली.

परसात हशा उठला, त्यात सगळ्यात मोठा आवाज आबांच्याच सुनेचा. सविता मिठाचा डबा घेऊन आली. आबांनी पान पुढं केलं, मीठ घेतलं आणि पुन्हा हाडाला लागले.