बेबीताईच्या सासरची मशीन

"ही मशीन उचला, आणि जाताना तुमच्या मुलीलापण घेऊन जा!"

इंदिराबाई, म्हणजे माझ्या बेबीताईची सासू, दारातच उभ्या होत्या. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अजून सायकल स्टँडवरपण लावली नव्हती.

"विहीणबाई, आधी बघू तर द्या काय झालंय ते," दादा बोलले.

"काय बघायचं राहिलंय? टीव्ही जळला. फ्रिज जळला. बल्ब असा फुटला की शेजारच्या वहिनींच्या पोह्यांत काच पडली. सगळ्या गल्लीसमोर!"

मागून ताईचे सासरे आले, कृष्णराव. ते ओरडत नाहीत. हळू बोलतात, ते जास्त लागतं. "मालोजीराव, वीजवाले सांगून गेले. खांबावरची न्यूट्रल तार तुटली, गल्लीत सगळीकडे दुप्पट करंट घुसला. मान्य. पण याच दिवसासाठी तर तुमची मशीन लावली होती ना? मग ती काय करून राहिली होती?"

दादांनी सायकल भिंतीला टेकवली. मीटरकडे बघत आत गेले. मी मागे, हातात अवजारांची थैली.

दादा मल्हारगंजात एका शेठच्या कारखान्यात स्टॅबिलायझरच्या कॉइल गुंडाळतात. मी पैदा व्हायच्या आधीपासून हेच. तांब्याच्या तारेने बोटांना चिरा पडल्यात, झोपायच्या आधी त्यांत खोबरेल भरतात. अर्ध्या इंदुरात त्यांनी गुंडाळलेली मशीन निघेल, पण पट्टी शेठच्या नावाची.

ताईच्या लग्नात सासरच्यांनी फ्रिज मागितला होता. दादा बोलले, फ्रिज माझ्याच्याने होणार नाही, पण तुमच्या घरात जे जे आहे ते जळण्यापासून वाचवेल अशी मशीन देतो. एकट्या टीव्हीची नाही, पूर्ण घराची. मीटरपाशीच लावायची. लाईन, म्हणजे व्होल्टेज, फार चढली की खट्ट, सगळं घर बंद. लाईन उतरली की परत चालू. कृष्णराव एकदम खूष. फ्रिज मग त्यांनी स्वतःच घेतला. रुखवतात लाडू-चिवड्याच्या ताटांमधे ती लोखंडी पेटी ठेवली होती, आईने तिला हळदकुंकूपण लावलं. आणि पहिल्यांदाच दादांनी पेटीवर पांढऱ्या पेंटने आपलं नाव लिहिलं. मालोजी, मल्हारगंज.

ती बघून गल्लीतल्या तिघा-चौघांनी सांगून ठेवलं, आम्हालापण एक बनवून द्या. दादा एका जिन्याखालची जागा बघून आले होते. आपलं दुकान. मी शाळा सोडल्यापासून घरात कोणी माझ्याशी सरळ बोलत नव्हतं, तर दादा एक दिवस बोलले, "दुकान झालं की समोर तू बसायचं, हरी. पण गिऱ्हाइकाशी भांडायचं नाही."

लफडं रविवारचं होतं. रविवारी कारखाने बंद असतात, लोड नसतो, मग सकाळी लाईन चढते. आणि टीव्हीवरचा सगळ्यांचा आवडता कार्यक्रमपण नेमका रविवारी सकाळीच. कृष्णरावांकडे रंगीत टीव्ही, अर्धी गल्ली त्यांच्या सतरंजीवर. ऐन रंगात आलं की खट्ट! पडदा काळा. मशीन बरोबर आपलं काम करत होती, पण बायका चुकचुक करायच्या आणि इंदिराबाई सगळ्यांसमोर म्हणायच्या, "काय करणार बाई, सुनेच्या बापाने आहेरात अंधार दिलाय." ताईने हे मला राखीला सांगितलं होतं. हसून सांगितलं, आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसली.

त्या पेटीत, झाकणाच्या आत, एक खटका आहे. वर असला की लाईन मशीनमधून जाते. खाली केला की मशीनला सोडून सीधी घरात. दुरुस्तीसाठी ठेवतात तो. त्या घरात दादांनी तो एकट्या ताईला दाखवला होता. मशीन कधी बिघडलीच तर पोरगी अंधारात बसायला नको, म्हणून.

दादांनी झाकणाचे स्क्रू काढले. दोन तर नुसते अडकवलेलेच होते, बोटाने निघाले. झाकण उघडलं.

खटका खाली होता.

मला दिसला. दादांना दिसला. बाकी कोणाला काय कळणार, त्यांना पेटीत तारांचा गुंता दिसत असेल. मी वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी, पदराचं टोक दातांत, नजर फरशीवर. तेव्हाच समजून गेलो. रविवार आला की ही खटका खाली करत होती, कार्यक्रम संपला की परत वर. म्हणजे सासूने कोणासमोर बोलायला नको. आणि त्या दिवशी कार्यक्रम संपायच्या आधीच तार तुटली.

"दादा, हा खटका तर—"

"हरी, पेचकस दे."

"पण बघा ना तुम्ही, हा तर—"

"पेचकस मागितला मी."

मी पेचकस हातात नाही दिला, त्यांच्या पायाशी फेकला. ते वाकले, उचलला. मग पाठ अशी वळवली की पेटी कोणाला दिसू नये, आणि अंगठ्याने हळूच खटका वर केला. एक आवाज नाही झाला. झाकण लावलं. चारही स्क्रू आवळले, आवळतच राहिले.

"आतला लाईन तोडणारा रिले चिकटला," दादा बोलले. "वेळेवर सुटायला पाहिजे होता, नाही सुटला. चूक माझी आहे."

"म्हणजे कबूल," इंदिराबाई बोलल्या.

"कबूल."

"बघा, ऐका सगळ्यांनी." दाराबाहेर गल्लीतल्या बायका, दोन-चार माणसं जमली होती. ज्यांनी मशीन सांगून ठेवल्या होत्या त्यांच्यातले एक काकापण तिथे होते. ते बोलले, "बरं झालं भिया, आम्ही थांबलो ते." दादांनी ते ऐकलं. मान हलवली, जसं काही त्यांनी बरोबरच सांगितलं.

"टीव्ही मी दुरुस्त करून आणतो," दादा कृष्णरावांना बोलले. "तोवर आमचा आणून ठेवतो. छोटा आहे, काळापांढरा आहे, पण चालतो. फ्रिजचंपण बघतो. बेबीला मात्र काही बोलू नका. तिला यातलं काय पता असणार."

कृष्णरावांनी दाराबाहेरच्या गर्दीकडे बघितलं. मग बोलले, "सुनेला कोण घालवतंय, मालोजीराव. हिच्या तोंडून रागात निघून गेलं. मशीन तेवढी न्या."

ताई पाणी घेऊन आली. पेला ताटलीवर ठेवून पुढे केला. दादांनी घेतला, पूर्ण प्यायले. "माठातलं आहे ना? हेच चांगलं," बोलले. ताईने वर बघितलं नाही. मी बघत होतो. एकदापण नाही.

मशीन काढून सायकलच्या कॅरिअरवर दोरीने बांधली. वजन एवढं की पुढचं चाक उचललं जायला लागलं. दादांनी हँडल धरलं, मी मागून पेटी. कृष्णपुऱ्याच्या पुलावर मला राहावलं नाही.

"दिसला ना तुम्हाला?"

"दिसला."

"मग सांगायचं होतं! तुमचं नाव खराब करून ती तिथे मजेत बसणार?"

दादा थांबले. मला वाटलं आता एक वाजवतील. ते बोलले, "खटका कडक ठेवायला पाहिजे होता रे. तिच्या हाताने फिरला नसता." आणि परत ढकलायला लागले.

मला ताईचा एवढा राग आला होता की पेटी सोडून द्यावी, पडू दे रस्त्यात. नाही सोडली.

जिन्याखालची जागा एका चहावाल्याने घेतली. सांगून ठेवलेली एकपण मशीन कोणाला नको झाली. राजवाड्यापर्यंत बोभाटा, मालोजींच्या मशीनने व्याह्यांचंच घर जाळलं. शेठने कारखान्यात सगळ्यांसमोर विचारलं, "क्यों मालोजी, अपनी दुकान खोल रहे थे?" एकाने मला अंधारवाल्याचा पोरगा म्हटलं, त्याचा दात मी पाडला, तर दादाच त्याच्या घरी माफी मागून आले. आमचा टीव्ही अजून तिकडेच आहे. आई म्हणते, "बेबीचा संसार राहिला ना, मग बास." आईला कोणीच काही सांगितलं नाहीये, तीपण रिलेच चिकटला असं समजते.

ताई त्यानंतर दिवाळीला आली. जावई बरोबर, मिठाईचा डबा बरोबर. दादा बैठकीत असले की ही आत, दादा आत आले की ही गच्चीवर. वाकून नमस्कार केला तोपण पायांकडे बघूनच. दादा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, ती लगेच सरकली.

आणि आज आत्ता जावई स्कूटरवर आलेत. त्यांच्या बैठकीतला पंखा फिरत नाही. दादा एकदम उठले. इस्तरीचा शर्ट घातला, केसांना पाणी लावून भांग पाडला, टेस्टर खिशात ठेवला. चप्पल घालत होते तर जावई बोलले, "नाही दादा, तुम्ही नको. बेबीने सांगितलंय, हरीलाच पाठवा म्हणून."

दादा बोलले, "हां, बरोबर आहे. पंखाच तर आहे."

मग त्यांनी चप्पल काढली. शर्टाची बटणं वरून खालपर्यंत सोडली, खाटेवर पसरून घडी घातली, आणि टेस्टर माझ्या हातात दिला. "आधी कंडेन्सर बघ," बोलले. "आणि तिथे तोंड उघडू नकोस."

अजून खूप लिहायचं होतं मला. पण जावई बाहेर स्कूटर चालू ठेवून हॉर्न वाजवून राहिलेत. जातो आता.