आखाजीचा मुराळी

आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आली तरी धरणगावाहून माहेरी न्यायला येणारा मुराळी आला नव्हता. दिपमालानं मात्र पिशवी भरून दाराशी ठेवलेली. चाळिशीला टेकलेली प्राध्यापक बाई, पण आखाजीला माहेरी जायचं म्हटलं की तिची पोर व्हायची. लग्न होऊन जळगावला मेहरूणमध्ये आल्यापासून धाकटा भाऊ स्वप्नील दरवर्षी न्यायला यायचा. तिला पिशवी उचलू द्यायचा नाही, स्वतःच्या खांद्याला लावायचा.

यंदा बिनसलं ते सहीवरून. वडील, हिलालनाना, गेले आणि वावरावर आई, भाऊ, बहीण अशी तिघांची नावं लागली. मग बहिणीनं कचेरीत जाऊन हक्कसोडीवर सही करायची, भावानं साडीचोळी करायची, ही रीतच. सगळ्याच करतात. दिपमालाही ठरल्या दिवशी दुपारी कचेरीत निघणार होती की! पण सकाळी वर्गात नेमका कुटुंबाविषयीचा मार्क्सवादी दृष्टिकोन शिकवायचा होता. फळ्यावर बाप, खाली मुलगा, मधे बाण काढून ती म्हणाली, "मालमत्ता बापाकडून मुलाकडे जावी, म्हणून कुटुंब असं घडत गेलं."

मागच्या बाकावरच्या विधीनं भाबडेपणानं विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी कोणाकडे गेली?"

पोरीच्या मनात काही नव्हतं. मॅडम मात्र तो प्रश्न घेऊनच वर्गाबाहेर पडल्या.

दुपारी कचेरीऐवजी तिनं फोन केला. "भाऊ, माझं नाव राहू दे. पीक सगळं तुझंच."

"अक्का, तू बी वाटा मांगशी?" एवढंच बोलून स्वप्नीलनं फोन ठेवला.

त्याचं तरी काय चुकलं? नानांच्या दुखण्यात तोच उशाशी होता, वावरात तोच राबत होता आणि गावानं त्याला हेच शिकवलं होतं. पुस्तकातलं खरं असेल हो, पण माहेर तुटायला लागलं की पुस्तक काय कामाचं? रडून रडून दिपमालानं शेवटी ठरवलं, सही करून टाकायची. तिनं फोन हातात घेतला आणि दार वाजलं.

दारात कमलबाई, तिची आई. एकटीच एसटीनं आलेली, घामाघूम.

"आई, तू? आणि भाऊ?"

"त्यान्हा राग आजून उतरना नही. तुले लेवाले मी उनी."

"मुराळ्याच्या जागी तू आलीस न्यायला? मी करते गं सही. आजच करते."

"कसाले?" कमलबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मन्हा म्होरे बी त्यानी कागद धरा व्हता. मी बी सही करी नही. वावरवर मन्हं बी नाव शे. ते शे तवलोंग तुन्हं मायेर शे. चाल, निंबना झाडले झोका बांधेल शे."

आईचं नाव वावरावर आहे तोवर लेकीचं माहेर आहे! इतकी वर्षं फळ्यावर बाण काढला, पण त्या चित्रात दिपमालानं आई कधी काढलीच नव्हती. तिला हुंदका आवरेना. डोळे पुसत ती पिशवीकडे वाकली, तोवर कमलबाईंनी ती उचलून खांद्याला लावली होती.