सरूची जीभ

"जीभ वर कर. आणखी वर."

सुभद्रेने सरूची हनुवटी धरून तिचे तोंड खिडकीकडे वळवले आणि चमच्याच्या दांड्याने जीभ हळूच उचलली. खाली बारीक पांढरी शीर ताणलेली दिसली. इंदूरच्या डॉक्टरांनी दाखवली होती तीच. उद्या सकाळच्या बसने देवासहून निघायचे होते. दुपारी ती शीर कापायची होती.

"आता म्हण, सात."

"हात," सरू म्हणाली, आणि आईचा चेहरा पाहून तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

पाच वर्षांच्या मुलीला स्वतःचे नावही म्हणता येत नव्हते. नाव विचारले की 'हरू' म्हणायची. बालवर्गातल्या बाईंनी दोनच दिवसांत तिला परत पाठवले होते. तेव्हापासून ती परक्या माणसासमोर बोलतच नसे.

सुभद्रेचा धाकटा भाऊ चिंतामणी दुपारीच धारहून आला होता, उद्या सोबतीला म्हणून. तो तिथल्या शाळेत मास्तर होता. पुण्याला राहून भाषांचा इतिहास शिकून आला होता, आणि सुट्टीच्या दिवशी वही घेऊन खेड्यापाड्यांतून शब्द गोळा करत हिंडायचा. त्याच्या मेहुण्याला, यशवंतरावांना, हा सगळा रिकामा उद्योग वाटे.

"माझ्याच तापाचं आहे हे," सुभद्रा चमचा पुसत म्हणाली. "ही दीड वर्षाची, अन् मी सॅनिटोरियममध्ये जाऊन पडले. जाईपर्यंत कुशीत घेऊन निजायचे तिला. काय काय गेलं असेल तिच्या अंगात."

"ताई, डॉक्टरांनी असं काही सांगितलं का?"

"ते कशाला सांगतील!"

सरू चिंतामणीच्या सामानापाशी जाऊन बसली होती. कोपऱ्यात उभी केलेली त्याची छत्री तिने दोन्ही हातांनी उचलली आणि अगदी हळू आवाजात विचारले,

"मामा, सत्री उघडू?"

चिंतामणीने मान वर केली.

"काय उघडू?"

"सत्री."

तो उठून तिच्यासमोर मांडी घालून बसला. "उघड. अन् मला आकडे म्हणून दाखव. कोणी हसणार नाही."

"एक, दोन, तीन, सार, पास..." ती थांबली. मामा हसत नाही हे पाहून पुढे म्हणाली, "हा, हात, आठ."

"चिमणी?"

"सिमणी."

"साखर?"

"हाखर."

चिंतामणीने दारात उभ्या असलेल्या यशवंतरावांकडे पाहिले. "भावजी, हिला स म्हणता येतो. आता तुमच्यासमोर तीनदा म्हणाली. सार, पास, सिमणी. फक्त आपण जिथे म्हणतो तिथे म्हणत नाही. स च्या जागी ह, अन् च-छ च्या जागी स. एकदाही चुकली नाही. ताई सॅनिटोरियममध्ये असताना अमझेऱ्याला हिला कोणी सांभाळलं?"

"थावरीनं. भिल्लीण होती एक." यशवंतराव ओव्हरसियर होते; सुभद्रा नव्हती ती दोन वर्षं त्यांची नेमणूक अमझेऱ्याला होती, आणि ते दिवस दिवस रस्त्याच्या कामावर असत. "पण सरू मराठी बोलते रे भिया, ती बाई मराठी कुठे बोलत होती?"

"शब्द आपले, वळण तिचं. तिच्या लोकांत कधी काळी स चा ह झाला. मग स च्या रिकाम्या जागेवर च येऊन बसला, चारचा सार झाला. आधी हे, मग ते. उलट झालं असतं तर आधी चारचा सार, अन् मग त्याचाही हार झाला असता. कोणी लिहून ठेवलेलं नाही हे. आजच्या बोलण्यावरून मागचं काढायचं, हेच तर मी करत हिंडतो." तो बहिणीकडे वळला. "जीभ चांगली आहे हिची, ताई. शाळेतल्या मुलींत बसली की सहा महिन्यांत आपल्यासारखं बोलेल."

"अन् ताप?"

"तापाचा काही संबंध नाही."

सुभद्रा उठून स्वयंपाकघरात गेली. यशवंतराव आत डोकावले, तेव्हा ती चुलीपाशी पदरात तोंड घालून बसली होती. शीर कापायला येत नाही अशी इंदूरला तार करायला बाहेर जाण्यासाठी त्यांनी टोपी घातली.

पुढच्या रविवारी धारहून अमझेऱ्याच्या बसमध्ये सुभद्रा, सरू आणि चिंतामणी बसले. चिंतामणीला थावरीकडून शब्द उतरून घ्यायचे होते. सुभद्रेने आपण का येतो आहोत ते सांगितले नव्हते.

थावरी गावाबाहेर राहत होती. पन्नाशीची, सडपातळ बाई. सरूला पाहताच ती धावत पुढे आली. मागे सुभद्रा दिसली तशी थबकली आणि तिने हात मागे घेतले.

"म्हारी कंई भूल हुई, बाई?"

"नाही हो," सुभद्रा म्हणाली. "कसली चूक! तुम्ही पोरीला वाढवलंत, अन् मी बरी होऊन थेट देवासला आले, तुम्हाला कधी पाहिलंसुद्धा नाही. म्हणून आले."

थावरीने तिला खाटेवर बसवले. सरू केव्हाच तिच्या मांडीवर जाऊन बसली होती. थावरी तिच्या केसांवरून हात फिरवत सुभद्रेकडे निरखून पाहत राहिली, एखाद्या ऐकून माहीत असलेल्या माणसाकडे पाहावे तशी.

"रोज हांजे दिवो लगाती," ती म्हणाली, "ने हरूके बोलाती, बोल बेटा, हुबदराबाई हाजी हुईने घरे आवे."

सुभद्रा ऐकत राहिली. तिचे ओठ किंचित हलले. सांजे. दिवा. साजी, म्हणजे बरी; बरी होऊन घरी येवो. आणि ते नाव, तिचेच.

चिंतामणी वहीवरून मान वर करून म्हणाला, "ताई, ती म्हणते आहे की..."

"कळलं मला," सुभद्रा म्हणाली, आणि खाटेवर थावरीच्या जवळ सरकली.