तांब्याला वॉर्निश

माझ्या नणंदेला मी तोंडावर अहो-जाहो करते, मनात अगं-तुगं. तिला भांड्याकुंड्यांवर काळं-हिरवं काही खपत नाही. हॉस्पिटलची व्यवस्था तिच्याकडे, म्हणजे अख्खं हॉस्पिटल तिच्या धाकात. तिथेच तिने धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, स्वतःची किडनी दिली. तेव्हा मी तिचे पाय धरले होते, अगदी मनापासून.

किडनी बदललेल्यांच्या वॉर्डात पाण्यासाठी तांब्याची टाकी होती. तिथल्या पेशंटच्या अंगात रोगाशी झगडायची ताकद नसते, पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून डॉक्टरांनी ती मुद्दाम बसवून घेतलेली. उघडं तांबं काळवंडतंच. ते तसंच राहू द्यायचं असतं. पण भाऊ येणार म्हणून या बाईने टाकी आतून-बाहेरून घासून घेतली आणि वर वॉर्निशचे दोन हात मारून घेतले.

"बघ, तोंड दिसतंय!" ती म्हणाली होती. मलाही छान वाटलं होतं.

वॉर्निशमुळे तांब्याला पाणी लागेचना. आतून बुळबुळीत थर धरला, जंतू माजले आणि नळाच्या तुषारांतून नवऱ्याच्या छातीत गेले. न्यूमोनिया झाला. जीव वाचवायचा म्हणून किडनी टिकवणारी औषधं बंद करावी लागली. जीव वाचला, पण किडनी गेली.

तपासणीत सगळं उघड झालं. पण बोलणार कोण? सासूबाईंनी तर आधीच बजावलं, "पोटातलं काढून दिलंय तिने. कोणी चकार शब्द काढायचा नाही."

नवरा पुन्हा डायलिसिसवर आला. काल डायलिसिस चालू असताना ती त्याच्याजवळ येऊन बसली.

"माझ्यामुळे नाही ना रे झालं?"

"छे गं ताई. माझंच नशीब फुटकं."

तिने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि माझं डोकंच फिरलं.

"तुमच्यामुळेच झालं," मी म्हणाले. "तुम्हालाही ठाऊक आहे आणि यालाही."

ती रडायला लागली. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं.

"तू बाहेर जा," तो म्हणाला.

मी बाहेर आले. मागे तो मोकळ्या हाताने तिची पाठ थोपटत होता. बाकावर टेकते न टेकते तोच नर्सने हाक मारली. माझं रक्त त्याच्याशी जुळतं का, ते बघायचं होतं. या खेपेला किडनी मी देणार आहे. मी बाही वर सारली आणि मुकाट नर्सच्या मागून गेले.