परराष्ट्र खात्याची खिडकी

मित्रांनो, वय झालं तरी मी अजून सरकारी नोकरीत आहे. परराष्ट्र खात्याच्या बैठकीच्या खोलीत, नदीकडच्या भिंतीत बसवलेली मी खिडकी. सुताराने मला सागवानातून घडवलं, तेव्हा साहेब लोक माझ्यापाशी चहा पीत आणि पलीकडच्या देशातल्या लोकांना हात करत. नदी इतकी अरुंद की इकडची शिंक तिकडे ऐकू जाई.

मग लढाई झाली. पलीकडचं सैन्य अलीकडे आलं. एक गोळी माझी काच भेदून गेली आणि माझ्या खालीच, आज इथे बैठकीला बसणाऱ्या जनरलसाहेबांचा धाकटा भाऊ मरून पडला. ते आठवलं की अजून माझी चौकट शहारते.

पुढे माझं स्मारक झालं. नदीकाठी जायला बंदी आली आणि काचेचं भोक जपायचं म्हणून हुकूम निघाला: खिडकी उघडू नये, पुसू नये. चाळीस वर्षं मान मिळाला, पण आंघोळ काही मिळाली नाही!

यंदा नदीवर पूल बांधायचा प्रस्ताव आला. सफाईच्या मावशींनी कान टवकारले, कारण त्यांची थोरली बहीण लढाईपासून पलीकडे अडकली होती. पण बैठकीत पुलाचं बोलणं दहा मिनिटांत लढाईवर घसरे. मतदानाच्या दिवशी जनरलसाहेबांनी माझ्यातून पाहिलं आणि ते ओरडले, "तंबू! रांगेनं तंबू ठोकलेत!"

एकच धांदल उडाली. सचिव टेबलाखाली शिरले. मंत्रीबाई म्हणाल्या, "आधी फायली वाचवा!"

दाराशी उभ्या मावशींना राहवेना. "हुकूम गेला खड्ड्यात," म्हणत त्यांनी ओलं फडकं फिरवलं. काळं पाणी ओघळलं आणि पलीकडे दिसल्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरी.

"चादरी कशावरून? डाव असेल," जनरलसाहेब पुटपुटले.

"साहेब, ती निळ्या ठिगळाची आमच्या आईची आहे. ताई अजून वापरते," मावशी म्हणाल्या आणि रडू लागल्या.

जनरलसाहेबांनी फडकं मागून घेतलं आणि भोकाभोवतीची काच स्वतः पुसली, अगदी हळू. पुलासाठी पहिला हात त्यांचाच वर झाला. "पण पहारा ठेवायचा," एवढं बजावलंच.

मित्रांनो, माझं भोक बुजवू नका, ते खरं आहे. पण काच पुसत जा. आणि जमलं तर बिजागरीला दोन थेंब तेल द्या. पूल होईल तेव्हा होईल. तोवर दोघी बहिणींना माझ्यातूनच बोलायचंय.